बाथरूममधली न रंगवलेली ओळ

प्रिय अण्णा,

आज सकाळी आई अंघोळ करून बाहेर आली तेव्हा तिच्या ओल्या पावलांना आणि पातळाच्या काठाला पिवळ्या रंगाचे पोपडे चिकटलेले होते. मी काढायला वाकले, तर म्हणाली, "काय आहे गं?" म्हटलं, भिंतीचा रंग निघतोय. "कुठला रंग?" तिने विचारलं.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच तोंडाने विचारला. तुम्ही असताना तिने तो कधीच विचारला नसता. म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला आता वर्ष होईल, आणि काही गोष्टी तुमच्याशी बोलायच्या राहून गेल्या आहेत.

आपण कोपरला राहायला आलो तेव्हा बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्याशुभ्र होत्या, आठवतं? बोअरिंगच्या पाण्याने त्या दोन-तीन वर्षांत पिवळट पडल्या. नवीन बसवायचा विषय निघाला की खालच्या मजल्यावरच्या काकू तुम्हाला जिन्यातच गाठायच्या. "खुशाल फोडा हो. फक्त आमच्या देवघरावर पाणी गळलं तर मला नका समजावू, देवालाच समजवा." मग टाइल्स राहिल्या तशाच. आई त्या घासत राहिली. कुठली टाइल तडकली आहे, कुठल्या टाइलचा टवका उडालाय, हे तिला घासून घासून पाठ झालं.

पुढे साखरेने तिचे डोळे धरले. ठाण्याच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. निघता निघता ते एवढंच म्हणाले, की घरात पांढऱ्यावर पांढरं ठेवू नका, मागे गडद रंग असला की वस्तू ओळखायला बरं पडतं. आधीचं सगळं तुम्ही तिथेच सोडून आलात आणि हे शेवटचं वाक्य तेवढं घरी घेऊन आलात. असं कसं ऐकलंत, अण्णा? तुम्ही तर जन्मभर कोर्टात काम केलेला माणूस. निकाल कुठला आणि सहज बोललेलं वाक्य कुठलं, हे तुम्हाला कळत नव्हतं?

दुसऱ्याच रविवारी तुम्ही निळा ऑइल पेंट आणलात. काचपेपरने टाइल्स घासल्या, दोन टाइल्समधल्या खाचांत लांबीचा लगदा भरला, तडकलेल्या आणि टवके उडालेल्या जागा बुजवल्या. भिंत अशी गुळगुळीत झाली की तुम्ही मला मुद्दाम हात फिरवून बघायला लावलंत. घरभर टर्पेंटाइनचा वास. आई स्वयंपाकघरात बसून खोकत होती आणि तरी म्हणत होती, "होऊ द्या हो सावकाश."

रंग वाळल्यावर ती पहिल्यांदा आत गेली. तिची अंघोळीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आतून कडी लावायची आणि मोठ्याने नद्यांची नावं घेत अंगावर पाणी घ्यायचं. तो आवाज चालू असला की आपण निर्धास्त. त्या दिवशी तो मध्येच थांबला. मग आतून हाक आली, "अहो, नळ कुठे हलवलात?"

तुम्ही बाहेरून हसलात. "अगं, नळ कोण कशाला हलवेल?"

"मग इथे होता तो कुठे गेला?"

मी दार वाजवलं. ती कडी काढेना. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा केसांत साबण तसाच होता. नळाकडे, दाराकडे, बादली ठेवायच्या कट्ट्याकडे ती टाइल्स मोजत, त्या खाचा आणि तो टवका चाचपत जायची. डोळ्यांनी ती कधीच जात नव्हती. तिचा रस्ता तुम्ही लांबी भरून बुजवून टाकला होता.

हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "निळा फार गडद झाला. पिवळा लावून बघू."

तिथून पुढे ते चालूच राहिलं. टाइलवर ऑइल पेंट धरत नाही. वाफेने फुगतो, पोपडे सुटतात. सुटले की तुम्ही नवा डबा आणायचात. पिवळा, मग हिरवा, मग परत निळा. नाक्यावरचा दुकानदार म्हणायचा, "काका, बाथरूम आहे की रंगपंचमी?" आणि तुम्ही त्याला डोळ्यांच्या पडद्याबद्दल समजावून सांगत उभे राहायचात.

प्रत्येक वेळी रंग वाळला की तुम्ही आईचा हात धरून तिला दारात उभी करायचात. "सांग बघू, कुठला?" आणि ती बरोबर सांगायची. "हिरवा. छान उजेड वाटतोय हो." तुमचा चेहरा असा उजळायचा की मला तिथून निघून जावंसं वाटायचं.

तिला कसं कळायचं, विचारलंत कधी? मी विचारलं होतं. म्हणाली, "अगं, डबा उघडताना ते मोठ्याने वाचतात ना."

ठाण्याला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तुम्ही डॉक्टरांना अभिमानाने सांगितलंत, "रंग ओळखते आता." तुम्ही रिक्षा बघायला खाली गेलात तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे, बाई?" आई हसली. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही समोर बसलायत की उभे आहात, तेही मला दिसत नाही. पण ह्यांना सांगू नका. सांगितलंत तर ते नुसते बसून राहतील. बसलेले नाही बघवत मला." बघवत नाही, असंच म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

खाली तुम्ही रिक्षा थांबवून उभे होतात. घरी येईपर्यंत आपण तिघंही डॉक्टर किती चांगले आहेत याबद्दल बोललो.

मग तुमची शेवटची दिवाळी. आठवडाभर आधीपासून तुम्ही ब्लेड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाथरूममध्ये बसलेले असायचात. मला वाटलं, जुना रंग खरवडताय. नंतर पिवळा लावलात. मी बघायला आले तर कमरेच्या उंचीवरची टाइल्सची एक आख्खी ओळ उघडी होती. रंग तासून काढलेला, खाचांतली लांबी कोरून काढलेली, टवका उडालेली टाइल होती तशी. म्हटलं, "अण्णा, मधली ओळ राहिली."

"राहू दे. तिच्या हाताला लागते," म्हणालात, आणि ब्रश धुवायला वळलात.

त्या वेळी तुम्ही डब्यावरचं नाव वाचलं नव्हतंत. आईला दारात उभी करून रंगही विचारला नाहीत. तुम्हाला कधी कळलं, अण्णा? कुणी सांगितलं, की तुमचं तुम्हालाच उमगलं? आणि कळलं होतं, तर वरखाली तो पिवळा तरी कशाला लावलात?

तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी दिवस आई त्या ओळीच्या आधाराने एकटी अंघोळ करत राहिली. कडी लावून, नद्यांची नावं घेत. कुठेही जायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागायचा, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगावं लागायचं. तेवढी ती एक जागा तिची एकटीची होती. मला वाटलं होतं, एवढं तरी राहील.

पण साखर डोळ्यांवर थांबत नाही. महिन्यापूर्वी तांदूळ निवडता निवडता तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "खडा कुठला नि दाणा कुठला, बोटाला कळत नाही गं." डॉक्टरांना विचारलं. या वेळी त्यांनी निघता निघताही काही सांगितलं नाही.

आज पोपडे काढून झाल्यावर मी तिला सांगितलं, पिवळा रंग आहे. "बरा आहे का?" म्हणाली. मी म्हटलं, बराच गेलाय. मग ती म्हणाली, "ती ओळ आता सापडत नाही मला. हात ठेवला की भिंत आहे एवढंच कळतं. आज दाराऐवजी पिंपाकडे गेले." आणि मग, जेवायला काय करायचं हे विचारावं तशा आवाजात, "उद्यापासून तू आत ये. मी कडी लावणार नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू शकत होते, तुम्हीच सांगा. तुम्ही असतात तर चप्पल घालून नाक्यावर गेला असतात, नवा डबा आणला असतात. मला तेही जमत नाही. काय आणलं म्हणजे तिला तिची ती जागा परत मिळेल, मला सुचत नाही. सुचण्यासारखं काही उरलंय असंही वाटत नाही.

एक शब्द मात्र देते. बरं होईल, असं मी तिला कधी म्हणणार नाही. आणि उद्यापासून दार नुसतं लोटलेलं असेल, तरी मी बाहेर थांबून ते वाजवेन. ती "ये" म्हणाली तर आत जाईन. नाही म्हणाली, तर बादलीतलं पाणी गार झालं तरी बाहेरच उभी राहीन.

तुमची,
शैला