धुराडं, प्रमाण एकास चार

२ नोव्हेंबर, सकाळी ७
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, नोंद असावी म्हणून: घरातलं मोठं कपाट (एक दार लागत नाही, लाकूड ओलं दिलं होतं). सौ.च्या शिलाई मशीनचं टेबल. बहिणीच्या घरातला जिना, अठरा पायऱ्या, त्यातली सतरावी जराशी उंच. शाळेच्या प्रदर्शनासाठी धरण, दरवाजे खरोखर उघडणारे. भिंतीवरची दोन घड्याळं. एक दुर्बीण, चंद्रापुरती. सगळं नुसतं पाहून. कुठे क्लास लावला नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही.
आज भाचीचा फोन. ती बातम्यांच्या चॅनेलमध्ये प्रोड्यूसर आहे. नवे पोप निवडायचेत. मतदान बंद दाराआड. बाहेरच्यांना फक्त छपरावरचा धूर दिसतो. निवड झाली नाही तर काळा, झाली तर पांढरा. निवेदकाला समजावून सांगायला स्टुडिओत एक धुराडं हवंय. म्हणाली, मामा, कामचलाऊ चालेल, थर्माकोलचं. मी म्हटलं, कामचलाऊ काम मी करत नाही. म्हणाली, ते माहितेय, म्हणूनच आधी सांगतेय.
संकल्प: कामचलाऊ करायचं नाही.

३ नोव्हेंबर
खऱ्या धुराड्याचे एक्केचाळीस फोटो पाहिले. पाइप वरच्या बाजूला किंचित डावीकडे कललेला आहे. हे जगात कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. माझाही कललेला.
कौलं प्लायची, एकशे बारा. गंजाचे डाग चहाच्या पाण्याने. एका फोटोत छपरावर सीगल बसलाय. तोही केला, कापूस आणि तार.
सौ. म्हणाली, पक्षी कशाला? त्यांनी कुठे मागितलाय? काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
पांढरा धूर: ग्लिसरीन, पाणी, घरच्या इस्त्रीची कॉइल, फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप. फर्स्ट क्लास.
काळा धूर: होत नाही. रबर जाळून पाहिलं. सौ.ने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि शेजारी जाऊन बसली. शेजारीण खिडकीतून विचारत होती, भावोजी, काही जळतंय का? म्हटलं, प्रयोग चाललाय. म्हणाली, तो वासावरून कळलाच.
भाचीला कळवलं, काळा जवळजवळ तयार आहे. 'जवळजवळ' हा शब्द खोटा नाही.

५ नोव्हेंबर
स्टुडिओत बसवलं. कॅमेरावाल्याने क्लोजअप घेतला, शेजारच्या टीव्हीवर तिकडून येणारं खरं चित्र होतं. तो दोन्हीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, काका, यातलं आपलं कुठलं? आयुष्यात एवढा मोठा शेरा मला कुणी दिला नव्हता. घरी येऊन सौ.ला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, कळलं, काका.
संपादक आले. हे गृहस्थ कोण, म्हणून विचारलं. भाची म्हणाली, माझे मामा, यांची जबाबदारी माझी. मला हे लागलं. माझी जबाबदारी कुणी घ्यावी असं माझं वय नाही.
जाता जाता तिने धुराड्याच्या पायथ्याशी पट्टी चिकटवली. लाल अक्षरं: 'स्टुडिओतील प्रतिकृती'. म्हटलं, प्रमाण बिघडतं. या हिशेबाने खऱ्या छपरावर ही अक्षरं दीड फुटाची होतील. म्हणाली, होऊ देत. कंट्रोल रूममध्ये दोन्ही चित्रं शेजारी शेजारी असतात, गल्लत झाली तर मी मेले. पट्टीला हात लावू नका, आणि धूर फक्त मी सांगेन तेव्हा.

६ नोव्हेंबर
मतदानाचा पहिला दिवस. तिकडे काळा धूर निघाला. आमचा वापरलाच नाही. निवेदक (मी याला हातवारे म्हणतो) बोलता बोलता हात फिरवून सीगल पाडतो. दिवसात तीनदा पाडला. ब्रेकमध्ये मीच बसवतो. माफी एकदाही मागितली नाही.
नवा विचार: ग्लिसरीनमध्ये काजळी घालायची. उद्या करून पाहणार. भाचीला एकदम दाखवायचं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
लवकर घरी आलो. डोकं दुखतंय. यंत्र आपोआप चालू राहिलं. यंत्रात असं होतं. बाकी उद्या.

८ नोव्हेंबर
काय घडलं ते क्रमाने लिहितो.
काल चार वाजून दहा मिनिटांनी जाहिराती लागल्या. भाची पाहुण्या प्राध्यापकांना आणायला खाली गेली होती. मी पट्टी काढली. कायमची नाही, मागच्या बाजूला लावणार होतो. ती खिशात ठेवली आणि काजळी घातलेला काळा धूर तपासायला पंप मारला.
धूर पांढरा आला. इतका पांढरा घरीसुद्धा आला नव्हता. काजळी तळाशी बसली असणार.
तेवढ्यात जाहिराती संपल्या. कंट्रोल रूममध्ये कुणीतरी ओरडलं, पांढरा, पांढरा. हातवारे उभा राहिला. म्हणाला, जगात सर्वांत आधी आपण दाखवतोय. भाचीने खालूनच वर पाठवलेले प्राध्यापक नुकतेच खुर्चीत टेकले होते. त्यांना कॉलरला माइक लावता लावता प्रश्न विचारला, तर म्हणाले, मला हे अपेक्षितच होतं. मग नव्या पोपच्या साधेपणाबद्दल बोलले. कोण निवडून आलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण साधेपणाबद्दल एकमत होतं. हातवारेचे डोळे भरून आले. तो म्हणाला, मंडळी, पाहा किती शांत, किती एकसारखा धूर.
पाच मिनिटं. मग दुसऱ्या चॅनेलवर काळा धूर दिसला.

८ नोव्हेंबर, दुपार
वर एक नोंद अपुरी राहिली आहे. पंप हाताचा आहे. तो आपोआप चालत नाही.
मी सेटच्या मागे होतो. हात थांबवला असता तर धूर बंद झाला असता आणि सगळ्यांना कळलं असतं, म्हणून थांबवला नाही, असं काल मी स्वतःला सांगितलं. तेही पूर्ण खरं नाही. हातवारे 'एकसारखा' म्हणाला. त्यानंतर मी तो जास्तच एकसारखा केला. दोन सेकंदांना एक झटका.
भाचीने काल कॉरिडॉरमध्ये विचारलं, मामा, पट्टी तुम्ही काढलीत? म्हटलं, पडली असेल, गोंद हलका होता. म्हणाली, आणि धूर? म्हटलं, कॉइल गरम राहिली असेल. ती 'हं' म्हणाली. लहानपणी मी तिला खोटं खोटं पत्त्यांत जिंकू द्यायचो तेव्हाही ती असंच 'हं' म्हणायची.

९ नोव्हेंबर
तिकडे खरा पांढरा धूर निघाला. आमच्या चॅनेलवर कुणाचं तोंड उघडेना. संपादकांचा हुकूम: सहा चॅनेल बोलल्याशिवाय कुणी अवाक्षर काढायचं नाही. चौकात घंटा, लाखभर माणसं नाचतायत, आणि आमचा हातवारे हात मांडीखाली घेऊन म्हणतोय, छपराच्या दिशेने काहीतरी हालचाल दिसते आहे. बावीस मिनिटं. बातमी देणारे शेवटचे आम्ही.
संध्याकाळी भाचीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चॅनेलने पडद्यावर चौकट दाखवली: संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई. नाव नव्हतं. सहा वर्षं होती ती तिथे. घराचे हप्ते तिच्या एकटीच्या पगारावर चालतात.
सौ.ने चौकट वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुरुस्तीला घरी आणलेल्या सीगलची तार सरळ करत होतो.

१० नोव्हेंबर
बहिणीचा फोन. वाटलं, झापणार. झापलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस, आमची पोरगीच वेंधळी. तुझं काम किती छान दिसत होतं, मी सगळ्यांना दाखवलं. मी 'हो का' म्हणालो. 'हो का' म्हणालो मी. आणि फोन ठेवल्यावर, कुणाकुणाला दाखवलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. लिहून ठेवतो. इथे तरी ठेवतो.
संकल्प: उद्या जाऊन संपादकांना सांगायचं.

११ नोव्हेंबर
गेलो नाही. संपादक भेटणार नाहीत असं वाटलं. फोन करून विचारलं नाही. शर्टाला इस्त्री नव्हती. इस्त्रीची कॉइल धुराड्यात आहे.
सौ.ने रात्रीचं ताट समोर ठेवलं आणि विचारलं, धुतलेल्या पँटच्या खिशात लाल अक्षरांची पट्टी निघाली, ती फेकू का? तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जिन्याची सतरावी पायरी तुमची बहीण पंधरा वर्षं अडखळत चढते, तुम्हाला कधी बोलली का? जा उद्या. तसेच जा, चुरगळलेले.

१२ नोव्हेंबर
गेलो. अक्षरं धुऊन निम्मी उरलेली पट्टी संपादकांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, ही मी काढली. धूर मी सोडला. पाच मिनिटं पंप मी मारला. भाचीचा यात काडीचा दोष नाही.
ते म्हणाले, माहितेय. कोपऱ्यातला कॅमेरा चालू होता, त्याच दिवशी पाहिलं. लय चांगली धरली होती तुम्ही.
मग तिला का काढलं, असं विचारलं. म्हणाले, काका, तुम्ही हजेरीपटावर नाही. जो नेमलेलाच नाही त्याला काढणार कसा? कारवाई दाखवायला नेमलेलं माणूस लागतं. विचारलं, तिने ते पाहिलं का? म्हणाले, तिला शेजारी बसवूनच पाहिलं. तिने एकच विनंती केली, मामांचं नाव बाहेर येऊ देऊ नका. घरात त्यांच्या हाताला फार मान आहे.
म्हटलं, तिला परत घ्या, मी कॅमेऱ्यासमोर सांगतो. म्हणाले, विषय संपलाय. लोक विसरले, आता तुम्ही आठवण करून देऊ नका. मग खुर्ची जवळ ओढून आवाज उतरवला. धुराड्याची चर्चा सगळीकडे झाली. पुढे निवडणुका आहेत, अर्थसंकल्प आहे, मॉडेल लागणार. तुमच्यासारखा हात आमच्याकडे नाही. नेमणुकीचं पत्र देतो, हुद्द्यासकट.
पन्नाशी उलटली, असं पत्र मला कुणी दिलेलं नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला. वर माझं नाव अगोदरच टाइप केलेलं होतं, अचूक. मी तो पूर्ण वाचला. इतका वेळ वाचायला नको होता.
मग नाही म्हणालो. कारण विचारलं, तर पाठ दुखते म्हणून सांगितलं.
पत्राप्रमाणे रिकामी झालेली जागा भाचीची होती. तिला महिना अडतीस हजार मिळत होते. मला चाळीस देत होते.