बाबांची साक्ष

वुन्सड्रेख्त
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना ऋजुताचा नमस्कार.

मी इथे मजेत आहे. तुम्हीही तिकडे आपल्या बेस्ट गावात मजेत असणार, कारण एप्रिलपासून माझ्याशी न बोलता तुमचं काही अडलेलं दिसत नाही. फोन उचलत नाही, मेसेज वाचून सोडून देता. म्हणून हे पत्र. अजितकाकांच्या हाती पाठवतेय, त्यांना बजावलंय, बाबांच्याच हातात द्या, आईच्या नको. का ते पुढे कळेल.

आधी खुशाली. डच हवाई दलाच्या शाळेतला हा दहावा आठवडा. वीस जणांत आम्ही तिघी मुली. दुपारी ब्रेड आणि चीज, संध्याकाळी बटाटा. आईच्या चकल्या पोचल्या आणि अर्ध्या तासात संपल्या. सध्या विमानदुरुस्तीची हत्यारं मोजायला शिकतेय. काम संपलं की प्रत्येक पाना पेटीत परत दिसला पाहिजे, एक जरी सापडला नाही तरी विमान जागचं हलत नाही. गेल्या मंगळवारी माझ्यामुळे सगळे दीड तास गुडघ्यांवर रांगत होते. पाना माझ्याच खिशात निघाला! अशी शोभा झाली की विचारू नका.

दिवाळीच्या कार्यक्रमात मोहनकाका म्हणाले म्हणे, "अंबरीशची पोरगी परक्यांसाठी मरायला निघालीय." आईनं सांगितलं, आणि तुम्ही गप्प बसलात हेही सांगितलं. मोहनकाकांना विचारा, बारा वर्षं इथलं खाल्लं, इथल्या शाळेत पोरं शिकवली, झूटरमेरला बागेसकट घर घेतलं, तेव्हा हे परके नव्हते का? राखायची वेळ आली की लगेच परके? मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला या देशात आणलंत. मी काही हट्ट धरला नव्हता. आता मी इथली झाले तर त्यात माझं काय चुकलं? आजोळ पुण्याचं आहे, ते पुण्याचंच राहणार. ते कोणी माझ्याकडून मागितलेलं नाही आणि मी देणारही नाही.

बरं. आता एप्रिल.

भरतीआधी सुरक्षा चौकशी असते. माणूस विश्वासाचा आहे की नाही, ते घरच्यांना विचारतात. चौकशीच्या बाई आपल्याकडे आल्या, तुम्ही त्यांना चहा आणि चिवडा दिलात, आणि वर माझी अब्रू दिलीत. जबाबदार आहे का? "कसली जबाबदार, स्वतःचं अंथरूण आवरत नाही." शिस्त? "तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही." हुशार? "ठीकठाक." बाईंनी सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. इथल्या बापाला विचारलं तर तो पोरीचं तोंडभरून कौतुक करतो हो! पाहुण्यांसमोर आपल्या मुलाला नावं ठेवायची असतात, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार?

पण खरं सांगू? मलाही तेव्हा ते सुचलं नाही. चोवीस वर्षं तुमच्या घरात काढून सुचलं नाही. माझी फाईल अडकली, आणि मी घरी येऊन ओरडले की तुम्ही हे मुद्दाम केलंत. तुम्ही "मी बापासारखा बोललो" एवढंच म्हणालात आणि उठून गेलात.

इथवरचं तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

मला दुसऱ्यांदा बोलावलं. बाईंनी विचारलं, वडील असं का म्हणाले? मी म्हटलं, "त्यांना मला अडवायचंय. त्यासाठी ते खोटं बोलतील. त्यांचं बोलणं धरू नका." बाबा, मी असं म्हटलं. एका सरकारी कागदावर तुम्हाला खोटारडं ठरवलं आणि खाली सही केली.

जूनमध्ये तिसऱ्यांदा बोलावलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं पत्र आलंय, चार पानी. दाखवता येणार नाही, पण थोडं वाचते." तुम्ही लिहिलं होतंत: "मुलीनं सैन्यात जाण्याला माझा विरोध आहे आणि राहील. पण प्रश्न विश्वासाचा असेल तर ऐका. सहा वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. चार महिने मी रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचो आणि आइंडहोव्हनच्या लायब्ररीत बसायचो. एकदा तिनं मला तिथे पाहिलं. तिनं माझ्या पत्नीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. मी तिला गप्प राहायला सांगितलंही नव्हतं."

मी तिथे त्या बाईंसमोर हमसून हमसून रडले. कसली सैनिक! जी गोष्ट तुम्ही आईला सांगू शकला नाहीत, ती माझ्यासाठी परक्या बाईला लिहून दिलीत. आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाहीत.

त्या पत्रानंतर माझी फाईल सुटली, आणि मी पाच महिने हे गिळून बसले. लाज वाटत होती. आईला आजही माहीत नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात बाईंना फोन केला. म्हटलं, माझं वाक्य खोडा. त्या म्हणाल्या, इथे खोडत नाहीत, हवं तर खाली लिहितात. म्हणून लिहून पाठवलं: माझे वडील खोटं बोलत नाहीत, मी चुकले.

माफी मागितली, आता वाकडं बोलते. माफी त्या वाक्याची आहे. भरती झाले, त्याची नाही. येत्या शुक्रवारी, १४ तारखेला, सकाळी दहाला माझी शपथ आहे. तुम्ही आलात तरी घेणार, नाही आलात तरी घेणार. आई येतेच आहे.

तुम्ही विरोध सोडून या असं मी म्हणत नाही. विरोध घेऊन या. पहिल्या रांगेत तोंड फुगवून बसा, टाळ्या वाजवू नका, फोटोत हसू नका. पण या.

तुमचीच,
ऋजुता अंबरीश
(शुक्रवारी हेच नाव पुकारणार आहेत, तुमच्या नावासकट)