खिशातली खीळ

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. होडीला नवी शिडं चढली, येत्या गुरुवारी निघणार, सगळं कळलं. तुझी आई शेजारणीला ते दोनदा वाचून दाखवून आली. मी मात्र उगाच चष्मा पुसत बसलो.

नांगरांचं विचारलंस. हलका नांगर पुढे साखळीला जोडलेला ठेव, रोज तोच लागेल. वाळूत, चिखलात बरा धरतो. खडकाळ तळाला मात्र जुना मोठाच हवा. उचलताना कंबर धरते, मान्य, पण वजनाला भिऊ नकोस. दुकानदार म्हणेल एकच पुरे. त्याचं काय जातंय, तो थोडाच तुझ्याबरोबर येणार आहे! आणि दोर भरपूर घे. दोर तोकडा पडला की चांगला नांगरही तळावर नुसता घसरत जातो.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला चार दिवस घास गिळू देत नाहीये. मोठा नांगर 'बाबांसारखाच' सुटा करून, आडवा दांडा वेगळा काढून होडीच्या पोटात ठेवलाय, आणि दांड्याची खीळ स्वतःच्या पिशवीत जपून ठेवलीय, असं तू लिहिलंस. वर थट्टाही केलीस, की वेळ आली तर मी काही बिनखिळ्याकाकासारखी घाबरून तसाच फेकणार नाही.

अगं, त्या नावावर आपण किती हसलो! लहानपणी तू त्याच्या लंगडण्याची नक्कल करायचीस, आणि तोच तुला खांद्यावर घेऊन फिरायचा. त्या दिवशी वारा फिरला तेव्हा होडीवर तो एकटाच होता. छोटा नांगर सुटला, होडी खडकांकडे निघाली. त्याने एकट्याने मोठा नांगर वर ओढून काढला, दांडाही घातला. खीळ काही सापडेना. शेवटी तसाच टाकला. दांडा निसटला, नांगर तळात न रुतता नुसता आडवा पडला, आणि होडी आणि खडक यांच्यामध्ये त्याचा पाय चिरडला. लोकांनी ठरवून टाकलं, गडी घाबरला आणि खीळ न लावताच नांगर फेकला.

खीळ माझ्या कोटाच्या खिशात होती. हरवायला नको म्हणून मीच जपून ठेवली होती, आणि मी धक्क्यावर चहा पीत उभा होतो. माझ्या भावाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सव्वीस वर्षांत त्याने ब्र काढला नाही, आणि मी भेकडासारखा गप्प राहिलो. लाज वाटते गं.

बुधवारी तो तुला निरोप द्यायला येतोय. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, ती थट्टा गाळून. त्याच्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितोय. मोठा नांगर आजच जोड, खीळ ठोक आणि वरच बांधून ठेव. आणि तो आला की त्याला नुसतं काका म्हण.

तुझाच, अजून म्हणवून घेशील तर,
बाबा