देवाजवळचं पाकीट

अहो,

डाळ फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावून घ्या.

सीमेवर जाताना 'मला काही झालं तरच उघड' म्हणून तुम्ही पाकीट दिलंत. लढाई थांबेपर्यंत मी ते देवाजवळ ठेवलं, रोज दिवा लावला, उघडलं नाही. काल वैशालीनगरमधून कुणी प्रज्ञा आली. तुमचं नाव एकेरी घेत होती. तुमच्या हातून पाकिटांची अदलाबदल झाली म्हणाली. तिचं तिला दिलं, चांगलं जाडजूड होतं. तिने उघडून आणलेल्या माझ्या पाकिटात दोन ओळी निघाल्या: कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे. आईला सांभाळ.

मी साताऱ्याला माहेरी चाललेय. आईंची गोळी जेवणानंतर द्यायची असते. किल्ली पिठाच्या डब्यामागेच आहे.

शालन