लॉगबुकातला बोकड

दीदी,

दोष तुझाच आहे, हे मी लहानपणापासून सांगतोय. बकऱ्या राखायला अक्षरं लागत नाहीत म्हणत होतो, तरी तू फोक घेऊन मला लिहायला शिकवलंस. वर 'घडलं तेच लिही' असं बजावलंस. आता भोगतोय. (पायांवर डोकं ठेवून ढोग. कंबर दुखायची थांबली का? भाची पालथी पडते का?)

झालं असं, की संसदेच्या समितीनं आमच्या विभागाला विचारलं, कालव्यांच्या पाहणीसाठी दिलेली गाडी वर्षभर कुठं फिरली? हाकिमसाहेब निर्धास्त. सगळे चालक लॉगबुकात ओळीखाली ओळ 'कार्यालयीन काम' लिहितात, म्हणून माझंही त्यांनी न उघडता पाठवून दिलं. (खोटं लिहायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.) परवा समितीपुढं साहेब बसलेले, मागं मी फायलींचा गठ्ठा घेऊन उभा. समितीतल्या माननीय चेमजोंगबाईंनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं: 'असोज अठरा. साहेबांच्या सासूबाई देवळात. येताना दशैंच्या सणाचा बोकड. गाडीत सगळ्यांत शहाणा तोच.'

साहेब म्हणाले, "माननीय, तो कालव्याचाच दौरा होता."

"मग पाणी काय बोकडानं मोजलं?"

सगळे हसले. पण आता रविवारी समितीनं मला बोलावलंय. साहेबांनी जिन्यात गाठलं. "भाइ, अक्षर माझं नाही, एवढंच म्हण. नोकरी पक्की करतो." (दोन वर्षांत 'ए ड्रायव्हर'च्या पुढं गेले नव्हते.) मी मान हलवून आलो.  तेव्हा ठरलंय: अक्षर माझं नाही. कुणी विचारलंच तर तूही सांग, भाऊ अडाणी आहे.

तुझा भाऊ,
मानधोज

ता. क. हे पत्र वाचून चुलीत घाल.

आणखी एक. बाईंनी फागुन नऊचं पान दुमडून ठेवलंय. 'दीदीला बसमध्येच कळा. धुलिखेलहून सूतिकागृहात नेलं. मुलगी झाली.' अक्षर माझं नाही म्हटलं, तर भाचीच खोटी पडते गं. म्हणून रविवारी 'माझंच' म्हणणार आहे. नोकरीचं पशुपतिनाथ बघेल. भाचीच्या जन्मदाखल्याची नक्कल पहिल्या बसनं पाठव. त्या फेरीच्या पेट्रोलचे सातशे मी काल कार्यालयात भरले. पावती कशाची लिहायची ते रोखपालानं मलाच विचारलं, असे पैसे त्याच्याकडं आजवर कुणी आणलेच नव्हते. तेव्हा या महिन्याला पाच हजार नाहीत, चार हजार तीनशे पाठवतोय.