भेंडीच्या ठशाच्या पत्रिका

१० फेब्रुवारी
पुजानं भेंडी कापली. म्हणलं, लेटल्या लेटल्या भाजी करून राहिली का? न्हाई! देठाकडचा तुकडा ओल्या हळदीत बुडवला, कागदावर दाबला — फूल! म्हणे रीताच्या लग्नाच्या पत्रिका. रीता म्हणजे हिची हट्टा गावची मैत्रीण. म्हणलं, छापखाने बंद पडले का?
"तिला हाताच्याच पाहिजेत, आई."
करा. पण हिला उठून बसायची बंदी. सातवा सरत आलाय. आधीची दोन सहाव्यातच गेली. डॉक्टर म्हणले, पाय खाली टेकवायचा न्हाई. म्हणून लेक खाटेवर आडवी, अन् भेंडी माझ्या हातात.

११ फेब्रुवारी
सगळी फुलं फदफदली. पुजा म्हणते हळू दाब. मला हळू काहीच जमत न्हाई.
तेवढ्यात मालक — चहा! मग हळद शिजवणारे गडी — भाकरी! परत येते तर वाटीतली हळद वाळून पापडी. थू!

१४ फेब्रुवारी
लेकराचं आधी काही शिवायचं न्हाई, आणायचं न्हाई, असं माझ्या सासूचं फर्मान. आज पोरीसमोरच म्हणल्या, "मागच्या टायमाला कुंची शिवली. काय झालं?" मी म्हणलं, आत्याबाई, तोंड आवरा.
पुजा भेंड्या कापत राहिली. सुरी ठेवली की तिचा हात पोटावर जातो. हालतंय का बघायला. आता कळलं हे काम काहून घेतलं ते.

१५ फेब्रुवारी
लाईट न्हाई. पाव्हणे. एकबी पत्रिका न्हाई.

१७ फेब्रुवारी
शेतात भाकरी देऊन आले अन् डोकंच फिरलं. पिवळ्या फुलांवर लाल डाग! आत्याबाई तंबाखू मळत पुजापाशी बसल्या व्हत्या. चुन्याच्या बोटांनीच पत्रिका उचलून बघितल्या.
"आत्याबाई, लग्नाच्या पत्रिका हायेत त्या!"
"वरडती काहून? हळदीला चुना लागला की कुंकूच व्हनार. तुझ्या कपाळावरचं काय आभाळातून पडलं?"
अन् पुजा हसली! माहेरी आल्यापासून पहिल्यांदा. आजीच्या डबीतला चुना करंगळीला घेतला अन् एका फुलाच्या बराबर मधी टेकवला. पिवळं, मग नारंगी, मग लाल. डोळ्यांदेखत!
लग्न होऊन आले तवापासून हळद काढते, शिजवते. कोपरापर्यंत हात पिवळे. पण थांबून बघितली कधी? आज मालकांनी चहासाठी दोनदा हाक मारली. उठले न्हाई.
मी फूल दाबायचं, आत्याबाईंनी चुना टेकवायचा. पुजा मधीच म्हणली, "आई, हात दे." पोटावर ठेवून घेतला. आतून अशी लाथ बसली!
आत्याबाईंनी बी हात लावला, अन् घाईघाईनं काढून घेतला. म्हणल्या, "नजर लागंल." डोळे पुसत व्हत्या.

१९ फेब्रुवारी
रीता पत्रिका घेऊन गेली. म्हणे, "मावशी, ह्या वाटू वाटत न्हाई." म्हणलं, वाट बाई, न्हाईतर मांडवात तू अन् नवरदेव दोघंच!

२१ फेब्रुवारी
पहाटेपासून कळा. लई लवकर हाय. जीप आली.

२३ फेब्रुवारी, दवाखाना
पोरगी. जिती हाय!
काचेच्या पेटीत ठेवलीय. आमाला अजून दाखवली न्हाई. नर्सबाईनं नुसता कागद आणून दिला — तिच्या पायाला शाई लावून दाबलेला. माझ्या अंगठ्याएवढा पाय. पाची बोटं उठलीत.
मालक म्हणले, "दे इकडं, बघू."
दिला न्हाई. शाई अजून ओली हाय.