दादाच्या कार्डाचा नंबर

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, बाबांना काय ते एकदाचं सांगून टाक, पोस्टमन दिसला की चप्पल न घालता दारात जातात. आणि मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवून दिला. रागावू नकोस. खोलीत आम्ही चौघं. एकाचा टीव्ही, एकाचं घोरणं, एकाचं बायकोशी भांडण, आणि त्या सगळ्यांच्या मधे उभं राहून मला ते बोलता येईना. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला माहीत आहे. मास्तर म्हणायचे, हे वाचायला ह्याच्याच घरून माणूस बोलवा. तो माणूस दरवेळी तूच असायचीस, आताही तूच आहेस.

आधी माझं सांगतो. काम पुन्हा बदललं. भिंगऱ्या तो भिंगऱ्याच असं म्हणशील, म्हण बापडी. गोदामात खोकी उचलून जीव विटला होता, चार भिंती अंगावर यायच्या. आता उंच इमारतींना बाहेरून काचा बसवतो. दोघांनी काच धरायची, तिसऱ्यानं चौकटीत सरकवायची. मुकादम खालून ओरडत असतो, काच फुटली तर एकवेळ चालेल, पण तुम्ही पडू नका, मला कागदपत्रं फार करावी लागतात. माणूस वाईट नाही. वारा भरपूर आहे, आणि कुणी एका जागी बस म्हणत नाही. जेवण वेळेवर होतं. बाबांनी विचारलं तर एवढंच सांग. पण ते विचारतात कुठे? फोन उचलला की पहिला प्रश्न, नंबर आला का.

हे नंबराचं प्रकरण मी तुला कधी धड सांगितलंच नाही. दादाचं ते गोलकीपरचं कार्ड आठवतं ना? च्युइंगमच्या पाकिटात निघालं होतं, हवेत आडवा झालेला, दोन्ही हात लांब. दादा स्वतः गोलात उभा राहायचा म्हणून त्याला ते देवासारखं. त्यानंच मला सांगितलं होतं की अशी कार्डं तपासणाऱ्या कंपन्या असतात. आपण कार्ड पाठवायचं, ते भिंगाखाली धरून कोपरे बघतात, कडा बघतात, कुठे ओरखडा आहे का, चित्र मधोमध आहे का ते बघतात, आणि दहापैकी नंबर देऊन जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. दादा म्हणायचा, आपलं दहाचं आहे, डोळे मिटून सांगतो. आणि बाबा म्हणायचे, परीक्षेत कधी दहा पडले नाहीत आणि चिटोऱ्याला दहा पाडतोय. आपण सगळे हसायचो, दादा सगळ्यात जास्त.

दादा गेल्यावर बाबांना आपलं ते वाक्य सलत राहिलं. बोलले नाहीत कधी. पण मी इकडे यायला निघालो तेव्हा त्यांनी ते कार्ड पुढून-मागून पुठ्ठा लावून, दोरा बांधून, अगदी आपल्या बाइंडिंगच्या दुकानात आलेल्या जुन्या पोथीसारखं माझ्या हातात दिलं. म्हणाले, तिकडे त्या कंपन्या असतील, नंबर घेऊन ये. दादाचे दहा घेऊन ये, असं म्हणाले, ताई. कार्डाचे नाही म्हणाले.

पहिल्या कंपनीला पाठवलं तर महिनोन्महिने एकच उत्तर, तुमचं कार्ड रांगेत आहे. फोन केला की थांबवून ठेवतात आणि नुसता बाजा वाजतो. तो इतका ऐकला की मी कामावर तोच गुणगुणायला लागलो, आणि सोबतचा विचारतो, हे कुठलं गाणं रे, छान आहे. शेवटी डबी आली, वर सहा. का सहा, कुठे कमी पडलं, काही नाही. विचारलं तर म्हणे तपासनिसाचा निर्णय अखेरचा. बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, सहा? वेंधळे आहेत लेकाचे, कोपरे पाहिले का त्यांनी? आपला मुलगा नापास केल्यासारखा आवाज.

इथं अशा कार्डांचं दुकान आहे, तिथला म्हातारा म्हणाला, डबी फोड आणि दुसऱ्या कंपनीला दे. म्हणाला, तेच कार्ड सोमवारी सहाचं असतं आणि गुरुवारी नऊचं, तपासनिसाचं सकाळी घरी भांडण झालंय का त्यावर आहे सगळं. मग मी टॉवेलात गुंडाळून हातोडीनं डबी फोडली. कार्डाला धक्का लागला नाही. दुसऱ्या कंपनीला दिलं. पुन्हा रांग, पुन्हा बाजा. आणि आलं ते डबीत, पण नंबरच नाही. नंबराच्या जागी लिहिलेलं, कड कापलेली आहे. म्हणजे कुणीतरी मागाहून कापलेलं, अशा कार्डाला नंबर नसतो.

माझं डोकं फिरलं. एक म्हणतो सहा, दुसरा म्हणतो नंबर द्यायच्या लायकीचंच नाही, आणि कार्ड एकच! सुट्टीच्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं माझ्यासारखे बरेच होते, प्रत्येकाच्या हातात डबी आणि तोंडात शिव्या. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माझ्या भावाचं कार्ड तुम्हीच कुठल्यातरी मशीनखाली दिलंत आणि आता माझ्यावर ढकलताय. ती बिचारी सर, सर करत होती. आतून एक तपासनीस आला, चिडला नाही की काही नाही. त्यानं डबी उघडून दिली, त्याच छापाचं दुसरं कार्ड आणलं आणि आपल्या कार्डावर ठेवलं. आपलं केसभर आखूड होतं. मग त्यानं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, तुम्हीच बघा.

ताई, कडेवर एक बारीक तिरपी रेघ होती. आपल्या शाळेच्या सगळ्या वह्यांच्या कडेला असायची ना, तीच. बाबांच्या कटिंग मशीनच्या पात्याला खाच पडली होती आणि ते म्हणायचे, चालतंय की, आपल्या दुकानाचा शिक्का आहे तो. वर्गात कुणाची वही हरवली की त्या रेघेवरून आपली ओळखू यायची. मी भिंग परत दिलं, बरोबर आहे तुमचं म्हटलं, आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

मग एकेक आठवत गेलं. हॉस्पिटलात ते कार्ड दादाच्या उशीखाली असायचं. कोपरे दबले होते, कापसासारखे फुलले होते. तो गेल्यावर बाबा दुकान उघडायला पहिल्यांदा गेले, तेव्हा ते कार्ड खिशात घालून गेले होते. आपल्याला वाटलं, सोबतीला नेलं. त्यांना दबलेली कड बघवतच नाही. माझ्या गुणपत्रिकेची कड सरळ करताना त्यांनी हेडमास्तरांची अर्धी सही कापली होती आणि वर म्हणाले होते, आता कशी नीट दिसते. हॉस्पिटलात त्यांना काही करता आलं नाही. नुसते स्टुलावर बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून. मग त्या हातांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दादाचं कार्ड नीट केलं.

आणि त्या कापण्यानंच नंबर गेला, हे त्यांना माहीत नाही. अजूनही फोनवर अभिमानानं सांगतात, बाकी काही म्हणोत, कोपऱ्यांना नाव ठेवायची कुणाची छाती नाही. मी हो म्हणतो.

तर हे पत्र एवढ्यासाठी. मी बाबांना सांगणार आहे की कंपनीनं पार्सल हरवलं. त्यांचा विश्वास बसेल, त्या लोकांनी आम्हाला इतकं छळलंय की काहीही खपेल. त्यांना पोटभर शिव्या देतील, मीही देईन. मग मला म्हणतील, भावाची एवढीशी वस्तू तुला सांभाळता आली नाही. म्हणू देत. मला कितीही बोलले तरी तू माझी बाजू घेऊ नकोस, नाहीतर तुझ्या तोंडून निसटेल. कार्ड मी डबीत परत घातलं नाही, तसंच माझ्या कपड्यांच्या तळाशी ठेवलंय, आणि ते आता घरी कधीच येणार नाही. फक्त एक कर. उद्या काही झालं आणि माझं सामान माझ्याशिवाय घरी आलं, तर बॅग बाबांना उघडू देऊ नकोस. आधी तू उघड.

तुझाच
भिंगऱ्या